सभा संपली, सोमवार उजाडला: आत्मिक उंचीनंतर येणारे मोह आणि कोरडेपणा

शाहूपुरीकर

सलाम मंडळी.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, निम्मा सरला. पुढं पवित्र आठवडा, उत्तम शुक्रवारची तीन तासांची भक्ती, ईस्टरची पहाटेची उपासना, मग मे महिन्यात शिबिरं, संजीवन सभा, बाप्तिस्मे, दृढीकरण (विश्वास पक्का केल्याचा विधी). मांडव, माईक, वक्ते, जेवण यांची तयारी महिनाभर आधी सुरू होते. त्यानंतरच्या सोमवाराची तयारी कुठंच होत नाही, आणि माणसं ढासळतात ती नेमकी तिथंच.

तक्रारी सगळ्यांच्या साधारण सारख्याच. प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत. सुटलेली सवय दुप्पट जोरानं परत येते, मग ती दारू असो, मावा असो, मोबाईलवरचं घाणेरडं पाहणं असो की ऑनलाइन रमी. घरात बारीकसारीक कारणावरून भांडण पेटतं. आणि या सगळ्याच्या वर एक विचार बसतो: शिबिरात जे वाटलं ते खोटंच होतं.

हा शेवटचा विचार सगळ्यात घातक, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो आणि ११ व्या वचनात आकाशातून वाणी होते, "तू माझा प्रिय पुत्र". १२ व्या वचनात आत्मा येशूला अरण्यात घालवतो. मध्ये एकही वचन नाही. मत्तयात मोहाची सुरुवातच "तू देवाचा पुत्र असशील तर" अशी आहे, म्हणजे यार्देनेवर जे ऐकलं त्याच्यावरच पहिला घाव. बाप्तिस्मा खरा होता म्हणूनच तो घाव तिथं पडला. तेव्हा घाव बसला यावरून अनुभव खोटा ठरत नाही.

तिन्ही मोहांना येशूनं दिलेली उत्तरं अनुवाद या बायबलातल्या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतली आहेत. ते अध्याय इस्राएलाच्या ४० वर्षांच्या अरण्यवासाची आठवण करून देतात. भुकेच्या वेळी वचन शोधत बसायची पाळी आली नाही, ते आधीच पाठ होतं. आणि लूक ४:१३ सांगतं की सैतान संधी मिळेपर्यंत निघून गेला. एकदा जिंकलं म्हणजे विषय मिटला, असं नाही.

आता ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहावं: काय करायचं, कधी करायचं, काय टाळायचं. "प्रार्थनेत राहा" एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

पंचगंगाकाठ

बायबलातले १ राजे १८ आणि १९ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचावेत. आपल्याकडं एलीया संदेष्ट्याच्या प्रार्थनेनं कर्मेल डोंगरावर पडलेल्या अग्नीवर उपदेश होतो आणि ज्याच्याखाली त्यानं मरण मागितलं त्या रतामाच्या झुडुपाला वक्ता दोन मिनिटांत उरकतो.

एलीयाचा क्रम बघा. दिवसभर बआल या परक्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा. मग पावसासाठी सात वेळा प्रार्थना. मग अहाब राजाच्या रथापुढं इज्रेलपर्यंत धावला. त्याच सुमाराला ईजबेल राणीचा जीवे मारण्याचा निरोप आला आणि तो जीव घेऊन बैरशेब्याला पळाला, म्हणजे देशाच्या पार दक्षिण टोकाला. तिथं त्यानं आपल्या सेवकाला मागं ठेवलं आणि एकटाच एक दिवसाची वाट चालून रानात गेला. मरण मागितलं ते तिथं. थकवा, उपाशीपोट, धमकी आणि एकटेपणा एकाच जागी गाठ पडले. यातलं पहिलं तिन्ही त्याच्या हातात फारसं नव्हतं. चौथं मात्र त्यानं स्वतः ओढवून घेतलं.

देवानं काय केलं? आधी झोपू दिलं. मग दूतानं उठवलं: निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू. पुन्हा झोप. पुन्हा खाणं. त्यानंतर ४० दिवसांची वाट. "एलीया, तू इथं काय करतोस?" हा प्रश्न त्या सगळ्यानंतर, होरेब डोंगरावर. आणि शेवटी काम दिलं, सोबत दिली: अलीशा. "मी एकटाच उरलो" हे तो दोनदा म्हणतो, त्यावर बआलापुढं गुडघे न टेकलेल्या ७,००० जणांचा आकडा त्याला ऐकवला जातो.

म्हणून शिबिराहून आलेल्या पोराला कोरडं वाटतंय म्हटलं की पहिला प्रश्न "बायबल वाचतोस का?" हा नको. किती तास झोपलास, शेवटचं नीट कधी जेवलास, तिथून आल्यावर कुणाशी बोललास का, हे तीन आधी. शिबिरात पहाटे पाचला उठणं, रात्री बारापर्यंत जागणं, तीन-चार दिवस घसा फोडून गाणं, हे अंगावर येतंच. पहिल्या दोन रात्री आठ तास झोप द्या. मग बोला.

कागलचा भाऊ

मला हे पटत नाही बघा. झोपेचं काय घेऊन बसलाय? ही आत्मिक लढाई हाय. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोय असं पेत्र सांगतोय. पडलं की आणखी उपवास, आणखी रात्रभराची प्रार्थना. अंग थकलं म्हणून ढिलं सोडलं की तो आत शिरलाच.

वचनाचा विद्यार्थी

भाऊ, सैतान आहे आणि तो संधी बघतो, यात वाद नाही. पण १ पेत्र ५:८ मध्येच सिंहाच्या आधी "सावध असा, जागे राहा" आहे, आणि रात्रभर न झोपलेला माणूस सावध नसतो. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य नेमके कुठं कमी पडले? भोजन झालं, गीत गाऊन डोंगरावर गेले, दुःखानं थकून झोपले आणि थोड्याच वेळात पेत्रानं तलवार चालवली. आत्मा उत्सुक, देह अशक्त, हे खुद्द येशूचं निदान आहे.

माझ्या मते गोंधळ होतो तो चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळं.

थकवा असेल तर उपाय विश्रांती. दोन-चार दिवसांत फरक दिसतो.

संकट बाहेरून आलं असेल, म्हणजे नोकरी गेली, आजारपण आलं, घरच्यांनी तोंड फिरवलं, तर उपाय धीर आणि मंडळीची प्रत्यक्ष मदत. इस्राएल लोकांचा मारा नावाचा मुक्काम आठवा. समुद्र ओलांडून तीन दिवसांत तिथलं पाणी कडू निघालं. निर्गम १५ च्या पहिल्या २१ वचनांत गीत आणि २४ व्या वचनात कुरकुर. पण तहान खरी होती. देवानं तहानेबद्दल रागावून घेतलं नाही, पाणी गोड केलं. पुढचा मुक्काम एलीम: बारा झरे, सत्तर खजुरीची झाडं.

वासना आतून ओढत असेल तर याकोब १:१३-१४. तिथं देवावरही ढकलता येत नाही आणि सगळं सैतानावरही नाही, "आपल्याच वासनेनं" असं स्पष्ट आहे. उपाय कबुली आणि वाट तोडणं.

चौथी गोष्ट झाकलेलं पाप. यरीहो शहर पडल्यावर आय या शहरावरच्या चढाईची गोष्ट येते (यहोशवा ७). हेरांनी सांगितलं, दोन-तीन हजार माणसं पुरेत, सगळ्यांना कशाला दमवता. यरीहोच्या वेळी देवाच्या शब्दाबाहेर पाऊल पडलं नव्हतं, इथं त्याला विचारलंही नाही. ३६ माणसं मेली. मुळाशी आखान नावाच्या माणसानं लुटीतून चोरून तंबूत पुरलेला झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट. अशा वेळी लोकांचा पुढारी यहोशवा पालथा पडून रडत होता, तर देव म्हणतो, ऊठ. म्हणजे तिथं आणखी प्रार्थनासभा लावून भागत नाही, तंबू खणावाच लागतो.

चारही गोष्टी एकत्र येऊ शकतात. पण थकलेल्याला कबुली द्यायला लावली तर तो नसलेली पापं शोधत बसतो. आणि आखानाला नुसती विश्रांती दिली तर तो सुखानं झोपतो.

कागलचा भाऊ

आखानाचं पटलं. उपवासाचं अजून नाही.

मिरजेची परिचारिका

उपवासाबद्दल मी लिहिते, कारण ईस्टरनंतरच्या आठवड्यात निम्मा त्रास पोटातून येतो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०. जुन्या रिवाजात रविवार उपवासाचा नाहीच. काही जण जोशात रविवारही धरतात, तसं करायचं कारण नाही.

एक वेळचं जेवण सोडणाऱ्यांना सहसा काही होत नाही. पवित्र आठवड्यात दोन-तीन दिवस फक्त पाण्यावर किंवा सरबतावर राहणाऱ्यांनी सोडताना काळजी घ्यावी. पहाटेच्या उपासनेनंतर थेट प्रेमभोजनात मटण आणि तांबडा रस्सा नको. पहिल्यांदा एक वाटी भाताची पेज, चिमूटभर मीठ घालून, सावकाश. दोन-तीन तासांनी मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, संध्याकाळी तेवढंच पुन्हा, सोबत ताक चालेल. तिखट, तळलेलं आणि मटण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मिसळ तर मुळीच नको. आंबट ढेकर, जुलाब, चिडचिड सुरू झाली की लगेच "सैतानानं हल्ला केला" असं म्हटलं जातं.

पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर घरी उपवास सोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. अचानक भरपूर खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधीच कृश किंवा आजारी असणाऱ्यांना धोका जास्त.

मधुमेहाच्या माणसानं, खास करून इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, गोंधळ होतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवण सोडूच नये, चहा सोडावा, मोबाईल सोडावा, टीव्ही सोडावा. चहा एकदम सोडला तरी दोन-तीन दिवस डोकं दुखतं, तेही माहीत असू द्या.

दुसरं, सभेत बरं वाटलं म्हणून कुणीही रक्तदाबाच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. देवानं बरं केलं असेल तर ते तपासणीतही दिसेल, मग डॉक्टर गोळी कमी करतील. शिबिराच्या आयोजकांनी हे पहिल्याच दिवशी माईकवरून सांगावं.

आणि उदासी. सभेनंतर चार दिवस उतरल्यासारखं वाटणं वेगळं. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन काळवंडलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानस १४४१६ ही सरकारी मोफत सेवा चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला एकटं ठेवू नका.

कागलचा भाऊ

परिचारिकाताई, हे आमच्या मंडळीत छापून लावतो. फिटच्या गोळीचं कुणी सांगतच नाही.

महाद्वार रोड

शिरोली एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवा. रात्रभराची प्रार्थना करून सकाळी भट्टीसमोर किंवा प्रेसवर उभं राहू नये. रजा मिळत नसेल तर प्रार्थना रात्री दहाला संपवावी. बोट गेलं तर ते देवासाठी गेलं असं होत नाही.

तरुण संघ

मोबाईलचं काय करायचं? शिबिरात फोन जमा करतात, तीन दिवस छान जातात. परत मिळाला की त्याच रात्री घसरण. यावर काहीतरी करता येण्यासारखं सांगा.

वचनाचा विद्यार्थी

फोन परत द्यायची वेळ बदला. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे एकत्र असताना द्या, घरी निघताना गाडीत नको. नको ती ॲप, ग्रुप आणि साठवलेली चित्रं तिथंच सोबत्यासमोर काढायची. ठराव भाषणात राहिला तर रात्री आठवत नाही, बोटानं पुसलेलं परत आणायला तरी थोडे कष्ट पडतात.

घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. गजराला साधं घड्याळ. घसरण बहुतेक वेळा रात्री, अंथरुणात, एकट्यानं आणि कंटाळलेल्या किंवा चिडलेल्या अवस्थेत होते. यातलं एक जरी काढलं तरी जोर उतरतो.

सोबती एकच, मुलाला मुलगा, मुलीला मुलगी, शिबिर संपायच्या आत ठरलेला. मोहाच्या क्षणी माणसाला वाक्यं सुचत नाहीत, म्हणून संदेश आधीच ठरवायचा, दोन शब्दांचा: "आता ये" किंवा "फोन कर". सोबत्यानं उपदेश करायचा नाही, दहा मिनिटं बोलायचं, जमल्यास रंकाळ्यावर एक फेरी मारायची. ओढ लाटेसारखी चढते आणि तिला खाद्य मिळालं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. १ करिंथ १०:१३ मध्ये देव बाहेर पडायची वाटही ठेवतो असं वचन आहे. पुष्कळदा ती वाट म्हणजे खोलीचं दार.

पडलाच तर २४ तासांत सोबत्याला सांगायचं. दुसरं पडणं पहिल्यापेक्षा मोठं होतं ते लपवण्यामुळं.

शाहूपुरीकर

सोबत्याबद्दल लूक २२:३१-३४ जोडतो. प्रभुभोजनाच्या मेजावरच येशू पेत्राला सांगतो की तू मला नाकारशील, मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि परत फिरलास की भावांना स्थिर कर. पडायच्या आधी पडण्याचं आणि उठण्याचंही सांगून ठेवलं. आपण बाप्तिस्म्याच्या वर्गात "आता सगळं नवं झालं" एवढंच सांगतो. पुढं अरण्य आहे हेही त्याच वर्गात सांगायला हवं, म्हणजे ते आलं की उमेदवार बिचकणार नाही.

पंचगंगाकाठ

साक्षीबद्दल, म्हणजे आपल्यातला बदल मंडळीपुढं सांगण्याबद्दल, माझं ठाम मत आहे. शनिवारी दारू सोडलेल्याला रविवारी व्यासपीठावर उभं करू नका. १ तीमथ्य ३:६ मध्ये नवशिका मंडळीचा अध्यक्ष नसावा, गर्वानं फुगून पडेल, असं आहे. ते पदाबद्दल असलं तरी कारण इथंही लागू पडतं. टाळ्या वाजतात, व्हिडिओ ग्रुपवर फिरतो, आणि पंधरा दिवसांनी तो घसरला तर मदत मागायला त्याला तोंड राहत नाही. दोन-तीन महिने जाऊ द्या. तोवर घरगुती प्रार्थनेत चार जणांपुढं बोलू दे.

यहूदाचा राजा हिज्कीयाचं बघा, २ राजे २०. मरणाच्या दारातून परत आला, १५ वर्षं वाढवून मिळाली, खूण म्हणून उन्हाची छायासुद्धा दहा अंश मागं गेली. मग बाबेलचे दूत भेटीला आले आणि त्यानं सगळं भांडार उघडून दाखवलं. दुखण्यात देवाकडं तोंड केलं, बरं झाल्यावर विचारलं नाही.

शब्दांकन

निर्णयांचा मुद्दा राहिला. जेसुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसनं सोळाव्या शतकात याचे फार बारीक नियम लिहून ठेवले आहेत. मन ओसाड असताना आधीचा ठराव बदलू नये, हा त्यातला प्रसिद्ध नियम. पण दुसरी बाजू आपल्याकडं जास्त उपयोगी: मन भरून आलेलं असताना घाईनं नवस, वचन देऊ नये, आणि त्याच वेळी पुढं येणाऱ्या कोरड्या दिवसांचा विचार करून बळ साठवावं. प्रार्थनेचा ठरलेला वेळ कोरडेपणात कमी करायचा नाही, उलट थोडा जास्त थांबायचं, हेही त्याचंच.

आता शिबिराच्या शेवटच्या रात्री काय होतं? नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला जातो, साठवलेले पैसे देऊन टाकतो, या मुलीशीच लग्न, अशी वचनं दिली जातात. महिन्याभरात ती अंगलट येतात, मग देवावर राग. साधा उपाय: वचन कागदावर लिहा, तारीख घाला, पाकिटात बंद करून पाळकसाहेबांकडं द्या. ४० दिवसांनी उघडा, घरच्यांना बसवा, मग ठरवा. खरं बोलावणं ४० दिवसांत विरत नाही. हाच नियम उलटही लावा: ओसाड दिवसांत मंडळी सोडणं, संघाचा राजीनामा, कुणाला तोडणारा संदेश, यालाही ४० दिवस.

महाद्वार रोड

+१. राजीनाम्यांचा मोसम ईस्टरनंतरच असतो.

लक्ष्मीपुरीची ताई

घरच्या विरोधाबद्दल कुणीच लिहिलं नाही. नव्यानं विश्वासात आलेल्यांचं खरं अरण्य तेच असतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही सोपी गेली नाहीत. ते काही टिळकांच्या पापाचं फळ नव्हतं.

अशा मुलामुलींना सांगावं: घर सोडू नका. जेवायला घरी या, आईच्या हाताखाली काम करा, पगार पूर्वीसारखा घरात द्या. घरच्या देवांबद्दल आणि सणांबद्दल एक वावगा शब्द नको. वाद निघाला तर ऐकून घ्या, लगेच वचनं फेकू नका. मारहाण किंवा कोंडून ठेवणं होत असेल तर मात्र सहन करत बसू नका, मंडळीतल्या जाणत्यांना आणि गरज पडली तर पोलिसांना सांगा. मंडळीनंही नुसता बाप्तिस्मा देऊन मोकळं होऊ नये. पहिले दोन महिने दर आठवड्याला एका कुटुंबानं त्यांना घरी जेवायला बोलवावं. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पेंटेकॉस्टनंतर (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या दिवसानंतर) लगेच चार गोष्टी आहेत: शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना. आपण पहिली आणि चौथी धरतो.

तरुण संघ

आणि हे सगळं करूनही कोरडेपणा गेला नाही तर? किती दिवस धरायचे?

वचनाचा विद्यार्थी

दिवस बांधून देता येत नाहीत. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. वर परिचारिकाताईंनी दिलेली लक्षणं नसतील तर नेम चालू ठेवा. वेळ कमी करू नये हा वरचा इग्नेशियसचा नियम झेपला तर उत्तमच, पण झेपत नसेल तर नेम सोडण्यापेक्षा छोटा करा. सकाळी दहा मिनिटं: एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, प्रभूची प्रार्थना, एका माणसाचं नाव घेऊन विनंती. रडू आलं नाही, अंगावर काटा आला नाही तरी चालतं. सोमवारी स्तोत्र १३, मंगळवारी ४२, बुधवारी ७७, गुरुवारी ८८, शुक्रवारी १३०, शनिवारी २७, रविवारी १०३. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत वाचून काढा, चाल नाही लावली तरी हरकत नाही.

ईस्टर ते पेंटेकॉस्ट धरून ५० दिवस होतात, लेंटपेक्षा जास्त. लेंटसाठी वेळापत्रक छापतो तसं या ५० दिवसांचंही छापावं.

शाहूपुरीकर

५० दिवसांच्या पत्रकाचा कच्चा मसुदा मी उत्तम शुक्रवारच्या आधी इथं टाकतो. एका पानात बसवायचा आहे: सात स्तोत्रं, पेजेचं प्रमाण, गोळ्यांची सूचना, १४४१६, सोबत्याच्या नावासाठी रिकामी ओळ आणि ४० व्या दिवसाची तारीख. भाऊ, कागल भागात किती प्रती लागतील?

कागलचा भाऊ

शंभर धरा. सोबत्याची ओळ वरच छापा, खाली नको. खालचं कुणी भरत नाही.